उतारवयात पुन्हा कित्ता

बँकेच्या खिडकीतून धनादेश परत येतो. ‘आजोबा, सही जुळत नाही,’ असे पलीकडून सांगितले जाते. सही आपलीच असते. आपल्याच हाताने, आत्ताच केलेली असते. तरीही तीस वर्षांपूर्वी नमुना म्हणून दिलेल्या सहीशी ती पटत नाही. मागे रांग असते, शेजारी मुलगा किंवा सून उभी असते, आणि दुसऱ्यांदा सही करताना हात अधिकच थरथरतो.

आपले अक्षर बदलले आहे, हे अनेक ज्येष्ठांना प्रथम अशाच खिडकीपाशी कळते. केस पांढरे होतात, गुडघे कुरकुरू लागतात, ते रोज जाणवत असते. अक्षर मात्र नकळत बदलते, कारण अलीकडे आपण लिहितोच किती? पत्रांची जागा दूरध्वनीने घेतली, हिशेबाची वही बंद झाली, किराणा मालाची यादीही तोंडी सांगून भागते. उरली ती केवळ सही. वर्षातून चार वेळा चालवलेला हात पाचव्या वेळी ऐकत नाही, यात त्याचा तरी काय दोष?

वाचकहो, या हाताला पुन्हा वळण लावण्याचा एक जुना, बिनखर्चाचा मार्ग आपल्या परिचयाचा आहे. तो म्हणजे कित्ता.

वरची ओळ आणि खालच्या ओळी

आपल्यापैकी पुष्कळांनी पाटीवर मुळाक्षरे गिरवली, मग दुरेघी वही हाती घेतली. पानाच्या माथ्यावर गुरुजींच्या वळणदार हाताची एक ओळ असे आणि खाली आपण तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत असू. बोरू, टाक, दौत, शाईने माखलेली बोटे आणि बॉलपेनने अक्षर बिघडते म्हणून मिळालेली तंबी, हे सारे त्या वयाशी जोडलेले आहे. ‘कित्ता गिरवणे’ हा वाक्प्रचारही तेथूनच आला. थोरांचे आचरण समोर ठेवून वागावे, असा त्याचा अर्थ झाला, तरी मुळात ती हाताची शिस्त होती.

त्या शिस्तीत एक खोच होती. मूल पहिली ओळ वरच्या नमुन्याकडे पाहून लिहिते. दुसरी ओळ लिहिताना त्याची नजर नमुन्यावर न जाता आपण नुकत्याच लिहिलेल्या ओळीवर पडते. मग पहिल्या ओळीतील चूक दुसरीत उतरते, दुसरीतील तिसरीत, आणि दहावी ओळ सर्वांत वाईट ठरते. म्हणून कित्त्याचे खरे तंत्र किती पाने भरली यात नसून, प्रत्येक ओळीपूर्वी नजर पुन्हा नमुन्याकडे नेण्यात आहे. उतारवयात आपल्याला हवी आहे ती नेमकी हीच गोष्ट. सवयीने, घाईने चालणारा हात क्षणभर थांबवावा आणि लक्ष देऊन चालवावा.

समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. शाई, लेखणी, ओळींतील अंतर, काना-मात्रा अशा बारीकसारीक गोष्टींचा विचार त्यात येतो. कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षर वाचावे, म्हणून पानाभोवती जागा सोडण्यास ते सांगतात. त्याच समासातील एक सूचना आपल्यासाठी विशेष मोलाची आहे. तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही, म्हणून मध्यम आकाराचे लिहावे, असे ते बजावतात. सतराव्या शतकातील हा उपदेश आज एखाद्या व्यवसायोपचार तज्ज्ञाने दिला तरी शोभेल.

अक्षराने काय होते, काय होत नाही

लिहिणे ही दिसते तेवढी साधी क्रिया नाही. हाताच्या पंजात आणि मनगटात मिळून २७ हाडे आहेत. तीन बोटे लेखणी तोलतात, मनगट ती पुढे सरकवते, कोपर आणि खांदा आधार देतात, डोळे रेघेवर लक्ष ठेवतात आणि मेंदू पुढचे अक्षर आठवत असतो. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील संशोधकांनी ३६ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींचा अभ्यास करून तो जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. हाताने लिहिताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील जोडणी टंकलेखनापेक्षा अधिक व्यापक असल्याचे त्यांना आढळले.

मात्र हा अभ्यास तरुणांवरचा आहे. त्यावरून ‘कित्ता गिरवा आणि स्मृतिभ्रंश टाळा’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कित्ता हे औषध नव्हे. सांध्याची झीज तो भरून काढत नाही आणि कंप नाहीसा करत नाही. नियमित सरावाने अक्षर वाचण्याजोगे राहू शकते, सुटलेला हात पुन्हा वळणावर येऊ शकतो आणि दिवसातील पंधरा मिनिटे मन एका जागी स्थिर राहते. एवढ्यासाठी तो करावा.

काही आजारांत मात्र आखलेल्या रेघांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. पार्किन्सनच्या आजारात, म्हणजे कंपवातात, अनेकांचे अक्षर ओळीच्या सुरुवातीला ठीक असते आणि पुढे बारीक-बारीक होत जाते. अशा रुग्णांना समांतर रेघांचा कागद दिला किंवा ‘मोठे लिहा’ अशी आठवण करून दिली, तर अक्षराचा आकार सुधारतो, असे अभ्यासांत दिसले आहे. लक्ष दुसरीकडे गेले की ते पुन्हा लहान होऊ लागते, म्हणून रेघ सतत डोळ्यांसमोर हवी. मोडी लिहिणारे आपले पूर्वज आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढीत आणि मग अक्षरे त्या रेघेला टांगल्यासारखी लिहीत. रेघ आधी, अक्षर नंतर, हा क्रम कापऱ्या हातालाही मानवतो.

वही बोलते, ती ऐकावी

दररोजच्या पानावर तारीख घातली की कित्त्याची वही प्रकृतीची नोंदवहीच बनते. पुढील बदल दिसल्यास ते ‘वयामुळे’ म्हणून सोडून देऊ नयेत.

अक्षर काही महिन्यांत उत्तरोत्तर बारीक आणि दाट होत गेले असेल, जोडीला चालणे मंदावले असेल किंवा एक हात चालताना हलत नसेल, तर मेंदूविकार तज्ज्ञांना दाखवावे. अक्षर मोठे पण नागमोडी झाले असेल आणि चहाचा कप उचलतानाही हात थरथरत असेल, तर तो वेगळ्या प्रकारचा कंप असू शकतो. दोन्हींचे उपचार भिन्न आहेत, म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे. त्यांना दाखवायला जाताना जुनी आणि नवी, दोन्ही पाने सोबत न्यावीत.

काही औषधांमुळेही हात थरथरतात. दम्यासाठी घेतले जाणारे साल्ब्युटॅमॉल, फिट्सवरील व्हॅलप्रोएट आणि लिथियम ही त्यांतील परिचित नावे. थायरॉईडच्या गोळीची मात्रा अधिक झाल्यासही असे होते. म्हणून औषध परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींना लिहिताना एकाएकी कंप सुटला, घाम आला, तर रक्तातील साखर उतरली असण्याची शक्यता प्रथम ध्यानात घ्यावी. शुद्धीवर असतील तर लगेच साखर किंवा गोड पेय द्यावे आणि साखर तपासावी.

एक प्रसंग मात्र क्षणाचाही विलंब न लावण्याचा आहे. कालपर्यंत नीट लिहिणाऱ्या व्यक्तीला आज अचानक लेखणी धरता येत नसेल, लिहिलेले निरर्थक होत असेल, तोंड वाकडे दिसत असेल, हात लुळा पडला असेल किंवा बोलणे अडखळत असेल, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. योग्य रुग्णांना गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

साहित्य आणि बैठक

खर्च नगण्य आहे. रुंद अंतराची दुरेघी वही घ्यावी. ती बारीक वाटल्यास कोऱ्या कागदावर जाड, काळ्या रेघा हव्या तेवढ्या अंतरावर आखून घ्याव्यात. प्रारंभी पेनपेक्षा मऊ शिशाची पेन्सिल बरी, उदाहरणार्थ २बी क्रमांकाची. तिला दाब कमी लागतो आणि अंगठ्याच्या मुळाशी सांधेदुखी असणाऱ्यांना दिलासा मिळतो. पेन्सिल फार बारीक वाटली, तर तिच्यावर स्पंजाची किंवा रबराची नळी चढवावी. सुती चिंधी गुंडाळली तरी चालते. जाड पकड बोटांना कमी आवळावी लागते.

खुर्ची अशी असावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील आणि कोपर टेबलावर निवांत राहील. पूर्वीच्या दिवाणजींची उतरत्या झाकणाची पेटी आठवते का? तिच्यामुळे मान कमी वाकत असे. घरात ती नसेल, तर जाड पुठ्ठ्याच्या मागच्या कडेखाली दोन पुस्तके सरकवून तसाच उतार करता येतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी प्रकाश डावीकडून घ्यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. वाचनाचा चष्मा लावूनही रेघा दुहेरी किंवा धूसर दिसत असतील, तर आधी डोळे तपासून घ्यावेत.

सरावाचा क्रम

वेळ दहा ते पंधरा मिनिटे, आणि तीही हात ताजा असताना. कंपवाताचे औषध घेणाऱ्यांनी त्या औषधाचा परिणाम चांगला जाणवत असेल तेव्हा बसावे. बसण्यापूर्वी मुठी हलकेच उघडाव्या-मिटाव्यात, मनगट सावकाश फिरवावे. मधे एकदा पेन्सिल खाली ठेवून विसावा घ्यावा. दुखू लागले की थांबावे. सरावानंतर तास-दोन तास हात दुखत राहिला, तर दुसऱ्या दिवशी सराव निम्मा करावा.

पहिला आठवडा अक्षरांना हात लावू नये. उभ्या रेघा, आडव्या रेघा, तिरप्या रेघा, वर्तुळे आणि अर्धवर्तुळे काढावीत. बाळबोध लिपी एवढ्यावरच उभी आहे. काना म्हणजे उभी रेघ, शिरोरेघ म्हणजे आडवी, आणि उरलेले बहुतेक सारे गाठी व वळणे.

दुसऱ्या आठवड्यापासून अक्षरे घ्यावीत; परंतु वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, तर आकाराच्या गोतावळ्याने. ‘ग म भ न’ ही जुनी जोडणी आपल्याला आठवत असेल. त्यानंतर ‘व ब क’, ‘प फ ष’, ‘ट ठ ढ’ आणि शेवटी ‘इ, झ, ह’ यांसारखी वळणाची अक्षरे यावीत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदी छपाईतील वळणांहून वेगळी आहेत. फोनवर काहीही दिसो, आपल्या हाताला लहानपणी जे वळण लागले तेच ठेवावे. हाताची जुनी ओळख मोडून नवी लावण्याची गरज नाही.

एका बैठकीत पाच ओळी पुरेत. लिहून झालेली ओळ कागदाच्या पट्टीने झाकावी, म्हणजे नजर आपोआप माथ्यावरच्या नमुन्याकडे जाते. पाचवी ओळ संपली की पट्टी काढून पहिली आणि पाचवी शेजारी-शेजारी पाहावी. पाचवी लहान किंवा विस्कळीत झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी तीनच ओळी लिहाव्यात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शब्द आणि वाक्ये घ्यावीत. येथे लहान मुलांची वाक्ये नकोत. नातवंडांची नावे, गावाचे आणि वाड्याचे नाव, आपल्या हातच्या लोणच्याचे प्रमाण, औषधांची यादी, असे कामाचे काही लिहावे. अनेक घरांत ज्येष्ठ मंडळी नामजपाच्या वह्या लिहितात. तीच वही कित्ता होऊ शकते. मात्र संख्या पुरी करण्याच्या ओढीने अक्षर बारीक आणि घाईचे होते, म्हणून आधी एक ओळ शांतपणे, सुवाच्य लिहावी आणि तीच नमुना मानून रोज एक पान लिहावे.

आणि नमुना कुठून आणावा? बाजारात सुलेखनाच्या वह्या मिळतात; परंतु घरातील जुनी ट्रंक एकदा उघडून पाहावी. वीस-तीस वर्षांपूर्वीचे आपलेच पत्र, हिशेबाची वही, पाककृतींचे टिपण सापडले, तर त्यातील एक ओळ मोठी करून छापून घ्यावी आणि पानाच्या माथ्यावर चिकटवावी. आपल्या हाताला आपल्याच हाताइतका जवळचा गुरू दुसरा मिळणार नाही. ते पाहून मन खिन्न होत असेल, तर मात्र ते बाजूला ठेवावे. सराव दुःख उगाळण्यासाठी नाही.

उजवा हात पक्षाघाताने अधू झाला असेल, तर काय? गांधीजींनी १९०९ मध्ये इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात थकला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिले. २७५ पानांच्या हस्तलिखितातील सुमारे ४० पाने डाव्या हाताची आहेत. तेव्हा ते चाळिशीत होते आणि त्यांचा हात निकामी झालेला नव्हता, हे खरे. तरीही दुसरा हात शिकू शकतो, याची ती पाने साक्ष देतात. मात्र अधू हाताला किती काम द्यावे आणि दुसऱ्या हाताकडे केव्हा वळावे, हे फिजिओथेरपी किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे.

सहीचा प्रश्न

सहीचा सराव सर्वांत शेवटी करावा आणि त्यात एक सावधगिरी बाळगावी. सह्यांनी भरलेले पान घरात पडू देऊ नये. सराव झाला की ते पान फाडून नष्ट करावे. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर सही करून ठेवण्याची सवय तर मुळीच नको.

सराव करूनही जुनी सही साधत नसेल, तर तिच्याशी झगडत बसू नये. ओळखपत्र घेऊन बँकेत जावे आणि नमुना सही बदलून द्यावी. नवी सही साधी, सुटी आणि वाचता येईल अशी असावी. लफ्फेदार सही टिकवणे अवघड जाते. आजारपणामुळे सही करणे अशक्यच झाले, तरी खाते अडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजारी किंवा विकलांग खातेदाराचा अंगठ्याचा ठसा दोन स्वतंत्र साक्षीदारांच्या ओळखीने स्वीकारता येतो. त्यांपैकी एक जण बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

‘अंगठेबहाद्दर’ या शब्दाने आपल्याकडे अंगठ्याच्या ठशाला कमीपणा आणला. शाळेत जाऊ न शकलेल्या आणि मोठेपणी कष्टाने नाव लिहायला शिकलेल्या कित्येक आज्यांना म्हणूनच पुन्हा ठसा उमटवणे जिव्हारी लागते. त्यांच्यासाठी ती चार अक्षरे सबंध शिक्षणाइतकी मोलाची असतात. ती शक्य तितकी जपावीत. आणि हातातून सुटलीच, तर ठसा देणारी व्यक्ती निरक्षर झाली, असे कोणी मानू नये.

सोबत बसणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनो, आपली भूमिका परीक्षकाची नाही. लाल पेनने खुणा करू नका. ‘किती वाकडे झाले!’ हे वाक्य हसत म्हटले तरी बोचते. ससा आणि फुगा छापलेली बालवाडीची वही समोर ठेवू नका. साध्या रेघांची, प्रौढ माणसाला शोभेल अशी वही द्या. शक्य असेल तर स्वतःही शेजारी बसून एक पान लिहा. आपलेही अक्षर बिघडले आहे, हे पाहून समोरच्याला बरे वाटेल.

विस्मरणाचा आजार असलेल्या व्यक्तीला मनाने वाक्य रचणे जमत नसले, तरी समोरचे पाहून लिहिणे काही काळ जमू शकते. त्या वेळी अचूकतेचा आग्रह धरू नका. काही रुग्ण नमुन्याखाली लिहिण्याऐवजी सरकत सरकत नमुन्यावरच लिहू लागतात. ती हट्टाची गोष्ट नसते, आजाराचा भाग असू शकतो. त्याबद्दल रागावू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. एखाद्या दिवशी त्यांना लिहायचे नसेल, तर वही मिटून ठेवा.

आज संध्याकाळी एक कोरे पान घ्या. माथ्यावर तारीख घाला, आपले नाव आणि एक आवडते वाक्य लिहा आणि ते पान वहीच्या पहिल्या पानाआड ठेवून द्या. सहा आठवड्यांनी तेच नाव, तेच वाक्य पुन्हा लिहून दोन्ही पाने शेजारी मांडा. अक्षर सुधारले असेल तर आनंद आहेच. तेवढेच राहिले असेल, तरी या वयात तेही थोडे नाही. आणि घसरले असेल, तर ती दोन्ही पाने घेऊन डॉक्टरांकडे जा.